हातून सुटलेला शब्द व उद्यांची भाकर



आम्ही हें दहिसराहून लिहीत आहों. मुंबई शहराची हद्द उत्तरेकडे जेथें संपते तेथें हें उपनगर आहे. तुमच्यापैकीं पुष्कळांचे मुलगे व मुली याच भागांत खोली घेऊन राहतात. कोणी रुग्णालयांत परिचारिका आहे, कोणी गोदामांत माल मोजतो, कोणी कचेरींत संगणकापुढें बसतो, आणि कोणी अद्याप नोकरी शोधीत आहे. रविवारच्या उपासनेस तीं मुलें आमच्याकडे येतात, म्हणून त्यांच्या सुखदुःखाचा कांहीं वांटा आमच्याही पदरीं येतो. आज आम्ही जें बोलणार आहों तें त्यांच्या भाकरीविषयीं आहे; आणि गांवीं राहणाऱ्या आईबापांनींही तें ऐकावें अशी आमची विनंती आहे. कारण जो मोबाईल मुंबईंत आहे तोच आतां तुमच्या ओट्यावरही आहे.

सकाळीं सातच्या सुमारास दहिसर स्टेशनाच्या फलाटावर उभें राहिलें म्हणजे एक देखावा रोज दिसतो. शेंकडों माणसें उभीं असतात, पण बोलणारा क्वचित् एखादा. बहुतेकांची मान खालीं आणि अंगठा चालू. काल घरांत काय शिजलें, कोणाशीं भांडण झालें, साहेब काय बोलला, कोणत्या पुढाऱ्याचा राग आला, लेकराला किती ताप आहे, हें सर्व गाडी येण्यापूर्वीं जगापुढें मांडून झालेलें असतें. पूर्वीं असलीं बोलणीं विहिरीवर होत आणि संध्याकाळपर्यंत विरून जात. आतां तीं विरत नाहींत. हाच आमच्या आजच्या उपदेशाचा विषय आहे.

याकोबानें आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत जिभेविषयीं काय लिहिलें आहे तें आपणांस ठाऊकच आहे. घोड्याचा लगाम, गलबताचें सुकाणूं आणि रान पेटविणारा विस्तव असे तीन दाखले तो देतो. तिन्हींचें तात्पर्य एकच, कीं वस्तु लहान असते पण तिचा परिणाम लहान नसतो. याकोबाच्या काळीं जीभ तोंडांत होती. आमच्या काळीं ती अंगठ्याच्या टोंकास येऊन बसली आहे. तोंडांतली जीभ दमते, आणि समोरच्याचा चेहरा पाहून कधीं कधीं लाजतेही. अंगठ्यास थकवा नाहीं आणि लाजही नाहीं; कारण त्याच्यासमोर कोणाचाच चेहरा नसतो.

आमच्या मंडळींतील एका तरुणाची हकिकत त्याच्या परवानगीनें येथें सांगतों. त्याचें नांव व गांव सांगत नाहीं. हा मुलगा बारावी होऊन मराठवाड्यांतून येथें आला. प्रथम त्यास एका गोदामांत रात्रपाळीचें काम मिळालें. एके रात्रीं मुकादम त्यास चारचौघांत अपशब्द बोलला. पाळी संपल्यावर संतापाच्या भरांत त्यानें मोबाईल समोर धरिला, मुकादमाची नक्कल केली, मालकास शिव्या दिल्या, आणि गिऱ्हाइकांचा माल आम्ही कसा फेंकतों हें हसत हसत करून दाखविलें. ती चित्रफीत त्यानें इन्स्टाग्रामवर टाकिली. दोनएकशें लोकांनीं ती पाहिली, मित्रांनीं वाहवा केली, आणि आठवड्याभरांत तो तें सर्व विसरूनही गेला.

पुढें तीन वर्षें त्यानें रात्रीं काम व दिवसा अभ्यास असें करून बी. कॉम. पुरें केलें, टॅली शिकला, आणि एका कचेरींत हिशेबनिसाच्या जागेसाठीं अर्ज केला. मुलाखत चांगली झाली. पगार ठरला, कागद मागविले गेले. त्यानें गांवीं आईस फोन केला, आणि आईनें शेजारीं साखर वांटली. मग आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, उत्तर नाहीं. शेवटीं तो स्वतः जाऊन विचारूं लागला तेव्हां तेथील एका कारकुनानें दया येऊन सांगितलें, "साहेबांनीं तुझें नांव शोधून पाहिलें. ज्यानें जुन्या मालकाची अशी शोभा केली तो उद्यां आमचीही करील, असें ते म्हणाले."

तो आमच्याकडे आला तेव्हां रडत नव्हता. तो इतकेंच म्हणाला, "पाळकसाहेब, तें मीं केलें तेव्हां मी एकोणीस वर्षांचा होतों. आतां मी तो राहिलों नाहीं. पण हें मी कोणाला सांगूं?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. आज जें सुचतें तें येथें मांडीत आहों.

पहिली गोष्ट ही कीं, आपण टाकिलेला शब्द टाकिल्यावर आपला राहत नाहीं. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं जें पुसलें तें गेलें. तसें होत नाहीं. तुमच्या भिंतीवरून तें गेलें तरी ज्यानें त्याचा स्क्रीनशॉट घेतला त्याच्या फोनांत तें आहे. ज्यास त्यानें पुढें पाठविलें त्याच्या फोनांत आहे. चोवीस तासांनीं स्टेटस आपोआप नाहींसें होतें, परंतु चोवीस तास म्हणजे नक्कल करून ठेवणाऱ्यास पुष्कळ वेळ झाला. आणि नोकरी देणाऱ्यास आतां फार शोधावें लागत नाहीं. उमेदवाराचें नांव, गांव, महाविद्यालय, फोनचा नंबर, यांतील एक-दोन गोष्टी संगणकावर टाकल्या कीं बरेंच कांहीं समोर येतें. मोठ्या कंपन्या तर उमेदवाराची पूर्वपीठिका तपासण्याचें काम पैसे देऊन दुसऱ्या संस्थांकडून करवून घेतात. तुम्ही मुलाखतीच्या खोलींत पाऊल टाकण्यापूर्वींच तुमचें दुसरें रूप तेथें जाऊन बसलेलें असूं शकतें, आणि त्या रूपास धुतलेला सदरा घालतां येत नाहीं.

दहिसरापासून जवळच, बोरिवलीच्या बाजूस, मंडपेश्वराचीं लेणीं आहेत. हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीं शिवभक्तांनीं तीं खडकांत कोरलीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज आले. त्यांनीं तेथें ख्रिस्तमंदिर केलें, वर मठ उभारला, आणि एका कोरीव भिंतीवर मोठा क्रूस खोदला. आज मठाच्या पडक्या भिंती दिसतात, क्रूस दिसतो, आणि जुन्या मूर्तींच्या खुणाही दिसतात. दुसऱ्याचें पूजास्थान असें खोदणें योग्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही केवळ खडकाचा स्वभाव दाखवितों. मागून येणाऱ्यानें कितीही खोदलें तरी खडकानें पहिल्याचेंही राखिलें आणि दुसऱ्याचेंही राखिलें. तुमच्या हातांतील मोबाईल पाण्यासारखा वाटतो, त्यावरचें सर्व वाहून जाईल असें वाटतें. पण त्याचा स्वभाव पाण्याचा नसून खडकाचा आहे, हें पक्कें ध्यानांत ठेवा.

दुसरी गोष्ट ही कीं, या शब्दांची किंमत शब्दाच्या मापानें घेतली जात नाहीं. लहान शब्दाची मोठी किंमत पडते, आणि कधीं कधीं निर्दोष शब्दाचीही पडते. याचे तीन दाखले पाहूं.

दहिसराहून याच पश्चिम रेल्वेनें उत्तरेस गेलें म्हणजे विरारपलीकडे पालघर लागतें. २०१२ सालीं तें ठाणें जिल्ह्यांत होतें. त्या वर्षीं १७ नोव्हेंबरास शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे निवर्तले, आणि दुसऱ्या दिवशीं मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीनें, हा बंद कशासाठीं, अशा अर्थाचें कांहीं फेसबुकवर लिहिलें. तिच्या मैत्रिणीनें तें आवडल्याची केवळ खूण केली. दोघींस अटक झाली, आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावानें मोडतोड केली. पुढें सर्व देशांत या अटकेविरुद्ध ओरड झाली. ज्या कलमाचा त्यांत आधार घेतला होता तें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द ठरविलें. त्या मुलींनीं पाप केलें होतें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. प्रश्न विचारणें हें पाप नव्हे. पण पाहा, जमाव एका दिवसांत आला, आणि न्यायास येण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

दुसरा दाखला पुण्याचा. २०२५ च्या मे महिन्यांत, भारत व पाकिस्तान यांमधील संघर्षाच्या दिवसांत, अभियांत्रिकी शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीनें दुसऱ्याचा एक मजकूर आपल्या इन्स्टाग्रामवर पुन्हा टाकिला. सुमारें दोन तासांत तिनें तो पुसला व क्षमाही मागितली. तरी दोन दिवसांनीं ती तुरुंगांत गेली, आणि महाविद्यालयानें तिचें नांव काढून टाकिलें. परीक्षा तर तोंडावर आली होती. २७ मे रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तिला जामीन दिला, नांव काढण्याचा हुकूम स्थगित केला, परीक्षेस बसण्याची मोकळीक दिली, आणि एका विद्यार्थिनीचें आयुष्य असें बिघडवितां काय, या अर्थाची कानउघाडणी सरकारची केली. दोन तासांचा तो मजकूर, आणि त्यापायीं तिचें सारें शिक्षण टांगणीस लागलें होतें.

तिसरा दाखला दूरचा आहे, परंतु क्रिकेट पाहणाऱ्या आमच्या मुलांस तो ठाऊक असेल. २०२१ च्या जून महिन्यांत ऑली रॉबिन्सन हा इंग्लंडचा गोलंदाज लॉर्ड्सवर आपला पहिला कसोटी सामना खेळत होता. त्याच दिवशीं, त्यानें अठरा-एकोणीस वर्षांचा असतांना ट्विटरवर लिहिलेलीं हीन वाक्यें लोकांनीं वर काढिलीं. त्यानें त्या सामन्यांत सात बळी घेतले, तरी पुढच्या सामन्यांतून त्यास वगळण्यांत आलें. मागील दोन दाखल्यांत मुली निर्दोष होत्या किंवा चूक क्षणाची होती. येथें वाक्यें खरोखरच वाईट होतीं, आणि त्यानें तसें कबूलही केलें. या गृहस्थाकडे आम्ही पुढें पुन्हा येऊं.

आतां नियमही कडक होत आहेत. महाराष्ट्र शासनानें २०२५ च्या जुलै महिन्यांत आपल्या नोकरांसाठीं समाजमाध्यमांचे नियम काढिले. स्वतःचें खातें व कामाचें खातें वेगळें ठेवावें, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करूं नये, गुप्त कागद बाहेर टाकूं नयेत, असें त्यांत सांगितलें आहे. शाळेंत, जिल्हा परिषदेंत किंवा सरकारी रुग्णालयांत ज्यांस काम करावयाचें आहे त्यांनीं हें जाणून असावें. परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्यांनींही जाणावें कीं अमेरिका २०१९ पासून व्हिसाच्या अर्जांत मागील पांच वर्षांतील खात्यांचीं नांवें विचारीत आली आहे. आणि २०२५ च्या जून महिन्यांत तर तिनें तेथें शिकण्यास येणाऱ्यांस आपलीं खातीं सर्वांस दिसतील अशीं खुलीं ठेवण्यास सांगितलें. हे नियम सर्वस्वी न्याय्य आहेत किंवा नाहींत हा वाद निराळा आहे. पाऊस न्याय्य आहे किंवा नाहीं हें ठरविण्यापूर्वीं घरावर कौलें घालावीं लागतात.

तिसरी गोष्ट सांगण्यास आम्हांस जड जातें, कारण ती आमच्या स्वतःच्या दोषाची आहे. तरुणांच्या चुका मोजून आम्ही येथेंच थांबलों असतों तर तो दांभिकपणा झाला असता.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही प्रार्थनेच्या विनंत्या पाठवीत असूं. कांहीं वर्षांपूर्वीं एका भगिनीस क्षयरोग झाला. तिनें तें आम्हांस एकांतांत सांगितलें होतें. सर्वांनीं तिच्यासाठीं प्रार्थना करावी म्हणून आम्हीं तिचें नांव, रोगाचें नांव व रुग्णालयाचें नांव ग्रुपवर लिहिलें. हेतु चांगला होता, यांत शंका नाहीं. पण एकानें तें आपल्या बहिणीस पाठविलें, बहिणीनें शेजारणीस पाठविलें. ती भगिनी एका कुटुंबांत लहान मुलें सांभाळण्याचें काम करीत असे. औषध चालू होऊन कांहीं आठवडे झाल्यावर डॉक्टरांनीं, आतां हिच्यापासून इतरांस भय नाहीं, असें सांगितलें. पण तोंपर्यंत तिची जागा दुसऱ्या बाईस दिली गेली होती. सहा महिन्यांचें औषध पुरें करून ती बरी झाली आणि काम शोधूं लागली, तेव्हां आणखी दोन घरीं तो संदेश तिच्या आधीं पोहोंचलेला तिला आढळला. आम्हीं तिच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. तिनें क्षमा केली. तिच्याच परवानगीनें हें लिहीत आहों. पण गेलेलें काम आम्हांस तिला परत देतां आलें नाहीं, आणि हें शल्य अजून आहे.

तेव्हांपासून आम्हीं असा नियम केला आहे कीं, ज्याचें दुःख त्याची परवानगी. परवानगीवांचून नांव नाहीं आणि रोग नाहीं. देवास नांव सांगावयाचें असेल तर गुडघे टेंकून सांगावें. त्यास आमच्या ग्रुपची गरज नाहीं. हें सर्व पाळकांनीं, वडिलांनीं व स्त्रीमंडळांच्या भगिनींनीं ऐकावें. आईबापांनींही ऐकावें. मुलगा नापास झाला, मुलीची सोयरीक मोडली, नातू कसा रडला, हें आपण सहज टाकितों. ज्याच्याविषयीं टाकिलें तें मूल उद्यां वीस वर्षांचें होईल आणि नोकरी मागावयास जाईल. त्यानें स्वतः एक अक्षरही लिहिलें नसतां त्याची वही आपण भरून ठेविलेली असेल.

येथें कोणी म्हणेल, "तर मग पाळकसाहेब, अन्याय मुकाट्यानें सोसावा काय? मुकादमानें शिवी दिली तर गप्प बसावें काय?" नाहीं. भित्रेपणास आम्ही शहाणपण म्हणणार नाहीं. नाथान संदेष्टा दाविदाकडे गेला आणि राजा असतांही त्याच्या तोंडावर त्याचें पाप त्यास दाखविलें. तो चव्हाट्यावर जाऊन राजाची नक्कल करीत बसला नाहीं. साक्ष देणें निराळें आणि तोंडसुख घेणें निराळें. साक्षीस नांव असतें, तारीख असते, पुरावा असतो, आणि ऐकून कांहीं करूं शकेल असा ऐकणारा असतो. आमच्या त्या तरुणानें मुकादमाविषयीं चार ओळींचा लेखी अर्ज मालकाकडे दिला असता, आणि तेथें दाद न मिळाल्यास कामगार आयुक्ताच्या कचेरींत दिला असता, तर ती साक्ष झाली असती. त्यानें जें केलें त्यांत मुकादमाचा दोष झांकला गेला आणि याचाच दिसूं लागला. आणि जेव्हां खरोखर सर्वांपुढें बोलणें हेंच कर्तव्य असेल, तेव्हां बोला. मात्र किंमत मोजून, शांत मनानें, रात्रीच्या रागांत नव्हे.

यासाठीं कांहीं साध्या सूचना आम्ही देतों. राग आला असतां प्रथम कागदावर लिहा. सकाळीं प्रार्थना करून तो कागद पुन्हा वाचा. बहुधा तो चुलींत जाईल. टाकण्यापूर्वीं स्वतःस विचारा: हें खरें आहे काय? हें माझें सांगण्याचें आहे काय, कीं दुसऱ्याचें? ज्याच्याविषयीं आहे तो समोर बसला असतां मी हें वाचून दाखवीन काय? पांच वर्षांनीं मला काम देणाऱ्यानें हें वाचलें तर मला चालेल काय? आधार कार्ड, गुणपत्रिका, नेमणुकीचें पत्र, बोर्डिंग पास, यांचीं चित्रें आनंदाच्या भरांत कधींही टाकूं नका. चोर त्यांतील नंबर वाचतात. आपलें खातें कोणास दिसतें हें फोनांत एकदां नीट पाहून घ्या. हें येत नसेल तर तरुण संघांतील मुलांनीं वडीलधाऱ्यांस तें बसून शिकवावें. वर्षांतून एकदां, जसें दिवाळीपूर्वीं किंवा नाताळापूर्वीं घर झाडितों तसें, जुनें टाकिलेलें झाडून काढा. सर्व जाणार नाहीं हें खरें. पण घर सर्वस्वी स्वच्छ होत नाहीं म्हणून कोणी केर काढणें सोडीत नाहीं.

आणि जें होऊन गेलें तें? त्या तरुणाचा प्रश्न हाच होता. "आतां मी तो राहिलों नाहीं, हें मी कोणाला सांगूं?"

जगानेंही या प्रश्नाचा विचार केला आहे. स्पेन देशांत एका गृहस्थाच्या देण्यापायीं त्याच्या घराच्या लिलांवाची जाहिरात १९९८ सालीं वर्तमानपत्रांत आली होती. प्रकरण केव्हांच मिटलें, तरी गूगलवर त्याचें नांव टाकतांच तीच जाहिरात वर येई. २०१४ च्या मे महिन्यांत युरोपीय न्यायालयानें ठरविलें कीं, जुन्या व गैरलागू झालेल्या माहितीकडे नेणारा दुवा काढावयास सांगण्याचा मनुष्यास हक्क आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगी जीवन हा मूलभूत हक्क ठरविला. त्या वेळीं एका न्यायमूर्तींनीं, माणसें बदलतात व त्यांस सुधारून पुन्हा आरंभ करतां आला पाहिजे, या अर्थाचे विचार लिहिले. २०२३ च्या कायद्यांत आपली माहिती पुसावयास सांगण्याचा हक्कही घातला आहे. हें सर्व चांगलें आहे. तथापि कायदा दुवा काढूं शकतो. शेजाऱ्याच्या मनांतील आठवण तो काढूं शकत नाहीं.

येथेंच ख्रिस्ती मंडळीचें काम सुरू होतें. पेत्राचा विचार करा. मुख्य याजकाच्या वाड्यांत, शेकोटीच्या उजेडांत, तो घाबरून तीन वेळां जें बोलला तें चारही शुभवर्तमानांत लिहिलेलें आहे. तें कोणीं पुसलें नाहीं. आज दोन हजार वर्षांनींही आपल्या रविवारच्या शाळेंतील मुलें तें वाचतात. इतका उघड डाग दुसऱ्या कोणत्या उमेदवारावर होता? तरी प्रभूनें त्यास समुद्रकांठीं बोलाविलें, भाकर व मासे दिले, तीन वेळां त्याच्या प्रीतीविषयीं विचारलें, आणि आपल्या मेंढरांचें काम त्याच्याच हातीं सोंपविलें. प्रभूस तें जुनें बोलणें ठाऊक नव्हतें काय? ठाऊक होतें. पण त्यानें जुनें बोलणें वाचून न थांबतां समोर बसलेल्या माणसास आजचा प्रश्न विचारला.

यंत्रास लक्षांत ठेवितां येतें, क्षमा करितां येत नाहीं. क्षमा करणें हें माणसाचें व मंडळीचें काम आहे. आमच्यांत जे दुकानदार आहेत, कंत्राटदार आहेत, शाळा चालविणारे आहेत, त्यांस आम्ही हात जोडून सांगतों: उमेदवाराचें जुनें लिहिणें तुमच्यासमोर आलें तर एकदां त्यास बोलावून विचारा. ज्या गोलंदाजाची गोष्ट आम्हीं सांगितली त्यास त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत भारताविरुद्ध पुन्हा संघांत घेतलें गेलें. खेळाच्या मैदानावर जर इतकें होऊं शकतें, तर प्रभूच्या मंडळींत त्याहून कमी व्हावें काय?

आमच्या तरुणाची हकिकत संपवितों. त्यानें ती चित्रफीत काढून टाकिली. मग तो त्या जुन्या गोदामांत गेला आणि मालकाची क्षमा मागितली. मुकादमाचीही मागितली, मुकादमानें तोंड फिरविलें, तें असो. पुढें एका औषधांच्या घाऊक दुकानदाराकडे तो मुलाखतीस गेला, तेव्हां त्यानें विचारण्यापूर्वींच स्वतः सांगितलें, "साहेब, माझ्या नांवावर अशी एक गोष्ट आहे. ती माझीच आहे, आणि मला तिची लाज वाटते." ते वृद्ध गृहस्थ ख्रिस्ती नव्हते. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "हिशेब लिहिणाऱ्यानें आपली चूक आधीं दाखविली तर तो हिशेब चांगला ठेवील. सोमवारपासून ये." पगार पहिल्या जागेहून कमी आहे, पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत गांवीं आईस पैसे जातात, आणि त्या दुकानाच्या वह्यांस अद्याप कोणीं बोट लाविलेलें नाहीं.

म्हणून, प्रियांनो, अंगठ्यास लगाम घाला, आणि अंतःकरण मात्र खुलें ठेवा. आपल्या तोंडून व हातून जें जाईल तें उद्यां आपल्या लेकरांच्या ताटांतील भाकर हिरावणार नाहीं असें असूं द्या. जो कोणी अडखळला आहे त्यास मंडळीच्या दारांत त्याचें जुनें लिहिणें वाचून दाखवूं नका. त्यास आंत घ्या आणि आज तूं कोण आहेस असें विचारा. आपल्या सर्वांचें पूर्वींचें लिहिणें जो जाणतो, आणि तरीही रोजची भाकर देतो, तो प्रभु तुमच्या मुखाची व हातांची राखण करो. आमेन.